चार कोपऱ्यांची हळद

हल्ली लग्नपत्रिका फोनवरच येते. तिला हळद लावायची कुठे? अशा वेळी मला कर्जतच्या बाजारातला तो जुना छापखाना आठवतो.

धाकट्या बहिणीच्या पत्रिकेचा मजकूर ठरवायला मी तिथं बसले होते. तेवढ्यात लोधिवलीकडची एक बाई लेकीच्या पत्रिका न्यायला आली. कपाळ मोकळं, पदर खोचलेला. मालकांनी पत्रिका वाचून दाखवली. निमंत्रक म्हणून दिराचं नाव होतं; विधवेचं तेव्हा घालत नसत. ती मुकाट्यानं ऐकत होती. लेकीचं नाव कुठं आहे ते मात्र तिनं बोट ठेवून दाखवायला लावलं.

पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची, म्हणून मालकांनी हळदीकुंकवाचा करंडा काढला आणि माझ्याकडं सरकवला. "ताई, तुम्ही लावा. सवाष्णीचा हात हवा."

मी हात पुढं करेपर्यंत तिनं करंडा ओढून घेतला होता.

"लेक एकटीनं वाढवली, तवा कुनी सवाष्ण शोधली नाय," ती म्हणाली.

मग ओला अंगठा हळदीत बुडवून तिनं तो चारी कोपऱ्यांवर सावकाश दाबला.

त्या पत्रिकेत तिचं नाव कुठंच नव्हतं. अंगठा मात्र चार ठिकाणी होता.