पंचमीला बसवलेले रुंद टायर

सुलाबाईला धाकट्या भावाची किळस दारातच आली. नागपंचमीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी दोन दिवस आधी यावा, तर हा किशनराव ऐन पंचमीला दुपार कलल्यावर उगवला. तिकडं पोखर्णीत आई, धुरपताबाई, अंथरुणाला खिळलेली. "सुलीच्या हातचं दिंड एकदा खाते, मंग जाते," असा तिनं सांगावा धाडलेला. सासूनं जेमतेम दोनच पुरणाची दिंडं डब्यात घालू दिली होती. तो डबा घेऊन सुलाबाई सकाळपासून उंबऱ्यावर बसलेली. आणि हा पठ्ठ्या परभणीत जीपला टायर बसवत बसला होता!

"बघ आक्का, कसले रुंद हायेत! बारक्या टायरवर गाडी लटपटती. ह्यानं कशी रस्त्याला धरून ऱ्हाती. वळणावर हालतच न्हाई."

"आपल्या रस्त्याला वळण हाय कुठं रे? सरळ चिखल हाय नुस्ता."

तो दात काढून हसला. जन्मभर त्याचं असंच. लग्नाला दुसऱ्याचा कोट घालून उभा राहिला, बंद पडलेलं घड्याळ वर्षानुवर्षं मनगटावर मिरवलं. नुसता तोरा मेल्याचा!

वाडीबाहेर दोन शेतं ओलांडली नाहीत तोच जीप बसली. जुनी बारीक चाकं चिखल कापत खालच्या मुरमाला टेकायची. ही धुडं वरच्यावर गरगरली, अन् चाक आणि पत्र्याच्या फटीत काळी माती ठासून भरली. चाकं जाम.

जवळच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी, मुंजाजी नावाचा गडी राखणीला होता. किशनरावानं त्याला फावडं मागितलं, तर त्यानं कानालाच हात लावले. "आज पंचमी हाय मालक. आज माती उकरायची न्हाई, ठावं न्हाई व्हय तुमाला?"

"मंग उद्याच निघंल," म्हणत किशनराव रुमालानं टायर पुसायला बसला. आईचं नाव नाही, बहिणीकडं नजर नाही! "कुणी ओरखडा पाडला तर? मी हितंच बसतो. तू हो म्होरं."

सुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "थू तुझ्या जिनगानीवर!" म्हणून तिनं चपला हातात घेतल्या आणि डबा पोटाशी धरून चालू लागली. जाताना ती घसरली, दोनदा बसकण मारली, पण डबा सोडला नाही. सगळा रस्ता किशनरावाचा उद्धार करत गेली.

पोखर्णीत पोचली तेव्हा दिवे लागले होते. आई जागी होती. सुलाबाईनं पायसुद्धा न धुता दिंडाचा घास तिच्या तोंडात घातला. म्हातारीनं तो कितीतरी वेळ घोळवला, गिळला. मग लेकीच्या मागं, दाराकडं बघायला लागली.

"किशन्या गाडीला नवे टायर घालून येतो म्हनला हुता. लय झ्याक दिसायलेत का गं? दुसरं दिंड त्याला ठेव. उपाशी आसंल लेकरू."

"ठेवते," सुलाबाई म्हणाली.

आईकडं पाठ करून, चिखलाच्या पायांनी उभ्याउभ्या तिनं ते दिंड स्वतःच खाल्लं. मग रिकाम्या डब्याला घट्ट झाकण लावून तो आईच्या उशाशी ठेवला.