दिनकरचा हिरो जीव घेत नसे

पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी दिनकरच्या नंबरवरून फोन आला. आदल्या संध्याकाळी त्याला दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं होतं, म्हणून गडी पुन्हा मटणाच्या दुकानात उभा राहिला, असं मी परस्पर ठरवून टाकलं. ‘हॅलो’सुद्धा न म्हणता सुरू झालो. ‘दिन्या, एक किलो ठेव. चरबी घालू नको, माझी माझ्याकडं भरपूर आहे.’ पलीकडून त्याची मुलगी म्हणाली, ‘काका, पप्पा गेले.’

आमची मैत्री कॉमिक्सची. शाळेत असताना भाड्यानं आणून एकाच पुस्तकात दोन डोकी घालायचो, आणि पन्नाशी आली तरी त्याच्या मुलाला, ओंकारला घेऊन सुपरहिरोंचे सिनेमे बघायला जायचो. पोरगं मध्ये, आम्ही दोन बाजूंना, भांडण त्याच्या डोक्यावरून. एक हिरो शत्रूला बांधून पोलिसांच्या ताब्यात देणारा, एक सरळ गोळ्या घालून मोकळा होणारा, एक असा की राग आला की शुद्धच हरपते, अर्धं शहर पाडतो आणि मग रडत बसतो. मला गोळ्यावाला आवडायचा. बांधून दिलेला पुढच्या भागात सुटतो, पुन्हा माणसं मारतो, मग ते पाप कुणाच्या माथी, असं मी चारचौघांत ठासून विचारायचो. मी! ज्यानं आजवर झुरळसुद्धा बायकोला हाक मारून मारवलंय. आणि दिनकर, रोज बकरी कापणारा माणूस, त्याला मारणारा हिरो बघवत नसे. ‘कापायला ताकद लागत न्हाय, धार लागती,’ म्हणायचा. ‘ताकद थांबायला लागती. तुझा हिरो थांबलाय का कवा?’ राग आला असेल तर सत्तूर उचलायचा नाही, हा त्याच्या घरचा आजोबांपासूनचा नियम. त्या दिवशी दुकानात त्याचा भाऊ उभा राहायचा. त्यामुळं दिनकरचं वहिनींशी वाजलंय, हे अख्ख्या गल्लीला सकाळीच कळायचं.

गेल्या वर्षी गारगोटीहून मोटारसायकलवरून येताना ओंकारला एका गाडीनं उडवलं. गाडीवाला प्यालेला होता. पोरगं जागीच गेलं... दिवसकार्य झाल्यावर मी दिनकरला म्हणालो, ‘आता काय करणार तुझा बांधून देणारा हिरो?’ सांत्वन करायला गेलो होतो मी.

गाडीवाला जामिनावर सुटला, आणि एका सकाळी हात जोडून दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. मी तिथंच बाकावर बसलेलो. माफी मागत मागत तो एक पायरी चढला. दिनकरच्या हातात सत्तूर होता. मी उठलो नाही. खरं सांगायचं तर वाट बघत होतो. दिनकर हळू आवाजात म्हणाला, ‘पावणं, मागं सरा. हातात हत्यार हाय माझ्या.’ मग सत्तूर ओंडक्यावर ठेवला, हात धुतले आणि घरी गेला. पुन्हा दुकानात उभा राहिलाच नाही.

जेवण तुटलं, मग बोलणं. डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगत होते. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. बोटांत जोर उरला नव्हता. ‘मारायला पायजे हुतं का रं? वर गेल्यावर वंकारला काय सांगू?’ जन्मभर याच विषयावर तोंड चालवणारा मी सलाइनचे थेंब बघत बसलो... जरा वेळानं त्यानं हात काढून घेतला.

बाराव्याहून परत आल्यावर हे बायकोला सांगितलं. सगळ्या गल्लीनं त्याला ‘चांगलं केलंस’ म्हणून सांगितलं होतं, तरी मलाच का विचारलं असेल, म्हणालो. ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही तिनं.

‘गल्लीचं काय घिऊन बसलाय,’ म्हणाली. ‘मारा म्हणणारं तुम्ही एकटंच हुता की. चांगलं केलंस म्हणून तुमच्याकडनं ऐकायचं हुतं त्याला.’