हिराबायच्या शेतातले खेकडे

हिराबाय माणसाचं तोंड नंतर पाहायची, आधी पाय. गडब गावाच्या खाली, खाडीच्या बांधावर मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले तेव्हा मागून आवाज आला, "पाय दाखव गो." माझ्या पायांत बूट होते. "बूटवाली मानसं जमीन मोजाया येतात," एवढं बोलून ती बांधावर बसली, ती मी निघेपर्यंत.

मी पेणच्या एका वाचनालयात काम करते. सुट्टीच्या दिवशी ओहोटीला चिखलातल्या खेकड्यांचे फोटो काढायचे, हा माझा नाद. अंगठ्याएवढा निळसर नर, त्याची एकच नांगी मोठी आणि केशरी. ती वर करून तो अशी हलवतो की कुणाला तरी बोलावतोय असं वाटावं. मी हिराबायला कॅमेऱ्यात दाखवलं. तिने निरखून पाहिलं.

"खायाला नाय, विकायला नाय. मंग फोटू कोनासाठी?"

"आवडतात म्हणून."

"व्हय तर. आन् मी रोज हितं हवा खायाला बसते."

तिचा संशय उगाच नव्हता. त्याच्या चार वर्षं आधी बाहेरच्या बांधाला खांड पडली होती. बांधाला पडलेल्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. खारं पाणी तिच्या भातशेतात शिरलं, आणि पाण्याबरोबर माझे रंगीत खेकडेही. बांध दुरुस्त व्हावा म्हणून ती कचेरीत अर्ज देत होती. पण कागदावर शेत शेतच राहिलं, तरच बांध मिळणार होता. "खेकडा तिरका चालतो," ती म्हणायची, "पन कागद त्याच्याहून तिरका."

पुढच्या वर्षी मी वाचनालयात फोटो लावले. एकाखाली लिहिलं, 'गडबच्या खाजणातले खेकडे'. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, चिखलाची जमीन, एवढंच मला ठाऊक. आठवड्याभरात हिराबाय सुनेला घेऊन आली. सुनेने ओळ वाचून दाखवली.

"खाजन? माझ्या सासऱ्यानं घातलेला बांध हाय त्यात. दिसला नाय तुला?"

फोटोच्या कोपऱ्यात शेताचा बांध खरंच होता. मी फक्त नांगी पाहिली होती.

"उद्या हाच फोटू कचेरीत नेतील. बोलतील, हितं खेकडं राहतात, भात नाय."

मी ओळ काढून टाकली. तोवर कुणीतरी मोबाइलवर त्या ओळीचा फोटो काढला होता. कचेरीचे साहेब जमीन पाहायला आले, तेव्हा तो त्यांच्यापुढे धरला गेला. मी त्या दिवशी गेले होते, अनवाणी. साहेबांना सांगितलं, ती ओळ माझी आणि चूकही माझी. हे हिराबायचं शेत आहे, खेकडे खांडीतून आत आलेत. साहेबांनी लिहून घेतलं. हिराबाय त्यांच्या वहीत डोकावली. "काय लिवलं? वाच गो." मी वाचलं. 'शेत' हा शब्द तिने दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर प्रत्येक फोटोखालची ओळ आधी तिला वाचून दाखवावी लागे. "इश्वास नाय असं नाय," ती म्हणे, "पन वाच."

यंदा हिराबाय गेली. बांध अजून झालेला नाही. तेरावं झाल्यावर मी गेले, चपला वर ठेवून चिखलात उतरले आणि वहीतली नवी ओळ मोठ्याने वाचली, 'हिराबायच्या शेतातले खेकडे'. हलणाऱ्या नांग्या थांबल्या. एकेक खेकडा बिळात शिरला.

मी ती पुन्हा एकदा वाचली.