रुद्रम्माबाईंचा अर्ज

जळकोटच्या रुद्रम्माबाईंनी एक हाक मारली की हायवेच्या पलीकडच्या शेतातून पोरं पळत यायची. सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली, पण छडी कधी हातात धरली नाही. गरजच पडली नाही. साठीच्या आत गळ्याची गाठ काढायला सोलापूरला गेल्या. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज. नवरा कधीचाच वारलेला, मूलबाळ नाही. बाई बोलायला लागल्या की समोरचा माणूस कान पुढं करायचा, दोनदा "काय?" म्हणायचा आणि तिसऱ्यांदा उगाच "हां हां" करून वाटेला लागायचा. हे "हां हां" बाईंना शिवीपेक्षा जास्त लागायचं.

हक्काची जागा एकच उरली होती, गावातलं छोटं चर्च. चाळीसेक घरांची मंडळी. लग्न होऊन आल्यापासून तिथला रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, बाईच वाचायच्या. व्यासपीठावर बायकांनी चढायचं नाही, अशी तिथली रीत. ती कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ती मोडायची हिंमतही कुणाची नाही. बाई बायकांच्या बाजूला सतरंजीवर उभ्या राहून वाचायच्या. ऑपरेशननंतर ते बंदच पडायचं, पण त्यांचा धाकटा भाऊ बलभीम लग्नाकार्यात स्पीकर लावायचा धंदा करायचा. त्यानं एक कॉर्डलेस माईक आणला आणि बहिणीच्या पदराला, अगदी गळ्याशी अडकवून दिला. बाईंची कुजबुज शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचली. त्या दिवशी बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या. पुढं सहा वर्षं बलभीम दर रविवारी वेळेवर यायचा आणि स्वतःच्या हातानं माईक अडकवायचा. माणूस वाईट नव्हता.

मग हायवेला मोबाईलचा नवा टॉवर उभा राहिला आणि बाईंच्या माईकमधून खरखर सुरू झाली. आधी एखादा शब्द जायचा, नंतर ओळीच्या ओळी जायला लागल्या. पोरं हसायला लागली. पोरांचं सोडा, चर्चचा मुख्य पंच योगीराज भर उपासनेत म्हणाला, "आक्काच्या गळ्यात कोंबडी अडकली का काय?" सगळी मंडळी खदखदून हसली. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी खाली पाहिलं, पण हसू त्यांच्याही ओठांवर होतंच. योगीराजची सून शिवांजली बी.ए. झालेली, आवाजही खणखणीत. शास्त्रपाठ तिला मिळावा असं सासऱ्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं, आणि गावात हे न कळायला कुणी बहिरं नव्हतं.

"व्यासपीठावरचा तारेचा माईक सतरंजीपर्यंत आणा की," बाईंनी भावाच्या तोंडून सांगून पाहिलं.

"वायर पायात येती. म्हातारी माणसं पडतील," योगीराज म्हणाला. बलभीमच्या टेम्पोत पन्नास फूट वायर होती, भिंतीच्या कडेनं आणता आली असती. त्यानं ती टेम्पोतच राहू दिली.

घरी आल्यावर मात्र त्यानं खरं कारण सांगितलं. उमरग्याच्या दुकानदारानं त्याला समजावलं होतं. "आक्का, हवा इकली सरकारनं. आपला माईक ज्या लहरीवर चालतो, ती लिलावात मोबाईलवाल्यानं घेतली. आता तिथं टॉवर बोलतो."

"आन् आपल्याला इचारलं न्हाय?"

"आपुन कोण लागून गेलो?"

पण बाई सरकारी बालवाडीत मुरलेल्या. छपराचे पत्रे, पोरांचा खाऊ, स्वतःचा थकलेला पगार, सगळं त्यांनी अर्ज करून मिळवलं होतं. मोघम लिहिलेला अर्ज टोपलीत जातो, हा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी दिल्लीच्या बिनतारी खात्याला साडेतीन पानं लिहिली. माईक कोणता, किती वर्षं वापरात आहे, कुठल्या चर्चमध्ये, सगळं लिहिलं. त्रास फक्त एका म्हातारीचा नाही हे पटावं म्हणून भावाकडं असेच अकरा माईक आहेत आणि तो ते तालुकाभर लावतो, हेही लिहिलं. खात्याचा पत्ता बलभीमनंच मोबाईलवर शोधला. माईकच्या पाठीवरचा बारीक नंबर त्यानंच बॅटरी लावून वाचून दाखवला. "लिही आक्का, समदं लिही," म्हणाला.

अडीच महिन्यांनी, सुगीच्या सणाच्या आदल्या रविवारी उत्तर आलं. चर्चच्या पत्त्यावर आलं, म्हणून पाळकांनी ते उपासनेनंतर सगळ्यांसमोर फोडलं आणि मराठीत सांगितलं. ही लहर मोबाईल सेवेला दिलेली आहे. तिच्यावर माईक चालवणं हाच गुन्हा आहे. ताबडतोब बंद करून तसं लेखी कळवा, नाहीतर सामान जप्त होईल. खात्यानं कुणावर राग धरला नव्हता. बाईंनी जे लिहिलं तेच त्यांनी वाचलं होतं. गाऱ्हाणं म्हणून धाडलेला कागद कबुलीजबाब ठरला.

योगीराज उठला. "देवाच्या घरावर सरकारी कागूद आणला बाईनं! बलभीम, तुला ठाव होतं का रं हे?"

सगळी मंडळी बलभीमकडं वळली. लग्नसराई तोंडावर होती आणि अकरा माईक जप्तीच्या तोंडाशी. त्यानं बहिणीकडं पाहिलंच नाही.

"न्हाय दादा. म्या कशाला सांगू? आक्कानं आपल्या मनानं केला अर्ज."

मग तो बहिणीजवळ आला आणि बटण बंद करून तिच्या पदराचा माईक काढायला लागला. चिमटा अडकला होता, म्हणून त्यानं पदर हिसकला.

"बलभीमा," बाई म्हणाल्या, "नंबर तूच वाचून दावलास. खरं सांग ह्यास्नी."

ओठ हललेले सगळ्यांना दिसले. ऐकू गेलं ते फक्त बलभीमला, कारण त्याचं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब होतं.

"काय म्हणती ती?" योगीराजनं विचारलं.

बलभीमनं माईक खिशात टाकला.

"माफी मागती म्हणती. चुकलं म्हणती."

बाईंनी त्याची बाही घट्ट धरली. गळ्याच्या शिरा ताणून, जिवाच्या आकांतानं त्या पुन्हा तेच बोलल्या, मग आणखी एकदा. मागच्या ओळीतल्या बायकांना गहिवरून आलं. बिचारी किती कळवळून माफी मागतेय, असं त्या एकमेकींना म्हणाल्या.

"पुरे बाई, पोचली," पाळक मायेनं म्हणाले. पुढच्या रविवारी शिवांजली वाचेल, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. मग मंडळीनं डोळे मिटले आणि पाळकांनी रुद्रम्माबाईंच्या अपराधाची देवाकडं क्षमा मागितली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बलभीमनं जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं.