ताईचा सातवा नियम

माझ्या थोरल्या बहिणीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि नऊ नियम. नियम घरासाठी नाहीत, ती सांभाळते त्या सॉफ्टवेअरसाठी आहेत. पण त्यांची प्रत फ्रिजच्या दारावर चिकटवलेली असल्यामुळे दूध काढायला गेलेल्या माणसालाही ते वाचावे लागतात. मला ते पाठ आहेत. पाळले मात्र नाहीत, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

ताई वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा ती चाळिशीला आली होती. सगळ्यांना वाटलं, आता ही शिकवण्या घेईल. हिनं प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं आणि दोनेक वर्षांत एक अवजार तयार केलं. दुसऱ्यांचे प्रोग्राम चालवण्याआधी वाचायचे आणि घोळ दिसेल तिथे इशारा द्यायचा, एवढंच त्याचं काम. थोडक्यात, इथेही मुद्रितशोधनच. अवजार फुकट, कोड सगळ्यांना खुला, सुधारणा कुणीही पाठवावी. ती आत घेण्याची चावी मात्र दोघांकडेच: ताई आणि मास्तर. मास्तर म्हणजे दूरच्या गावातल्या शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ. दोघं कधी भेटली नव्हती, पण लेखी भांडण रोज व्हायचं. म्हणजे काम उत्तम चाललं होतं.

सातवा नियम असा: सुधारणा लिहिणाऱ्याच्या घरच्या माणसाने ती तपासली, तर ती तपासलेली धरू नये. चावीवाल्याने हे मोडलं तर त्याची चावी वर्षभरासाठी जाईल, पुढे मागितली तर परत मिळेल. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी आपल्या सुनेची सुधारणा स्वतःच तपासून आत घेतली. सुधारणा बिनचूक होती, तरी ताईनं चावी काढून घेतली. मास्तर एका शब्दाने बोलले नाहीत. वर्ष संपल्यावर त्यांनी चावी मागितलीही नाही. तेव्हापासून बारा वर्षांचा तो सगळा पसारा ताईच्या एकटीच्या हातात होता. खरं सांगायचं तर तोच तिचा संसार.

मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात असतो. पंपांच्या नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिलाय. ताईचं अवजार त्यावर चालवलं की एकच इशारा चाळीस-चाळीस वेळा यायचा. मी वैतागून दहा ओळी लिहिल्या: एकदा दिलेला इशारा पुन्हा देऊ नकोस. 'पंपवाला' या टोपणनावानं पाठवल्या आणि ताईच्या मागे लागलो. आईचं डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, ताईच्या डोक्यात तेच. "चाचणी कुठाय याची?" तिनं विचारलं. "पाठवतो गं नंतर, जीव खाऊ नकोस," मी म्हणालो. तिनं दहा ओळी वाचल्या आणि आत घेतल्या. चाचणी मी कधीच पाठवली नाही.

मंगळवारी सकाळी दहाला तिचा फोन आला. "ताबडतोब ये." एवढंच.

गेलो तर ती खिडकीजवळच्या टेबलाशी ताठ बसलेली. एका रुग्णालयातून पत्र आलं होतं. त्यांच्या नव्या प्रोग्राममधली औषधांचे डोस काढणारी फाईल ताईच्या अवजारातून एकाही इशाऱ्याशिवाय बाहेर पडली होती. प्रत्यक्षात ती एक डोस दहापट दाखवत होती. सराव चालू असताना एका नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

"तुझ्या दहा ओळी," ताई म्हणाली. "एका फायलीत इशारा दिला की पुढच्या सगळ्या फायलींत तो गप्प. दोन फायलींची साधी चाचणी असती तरी पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

"कुणाला काही झालं?"

"तिथे नाही. एक नर्स जागी होती. ही आवृत्ती हजारो ठिकाणी आहे, तिथे कोण जागं आहे मला काय माहीत?"

पहिलं काम तिनं सूचना लावण्याचं केलं: ही आवृत्ती वापरू नका, जुनी वापरा. मग दुरुस्ती लिहायला घेतली. मी चहा केला, तो निवला, पुन्हा केला. दुपारी एकला दुरुस्ती तयार झाली. मला हायसं वाटलं. पण ताईचा हात थांबलेला.

"घे ना आत," मी म्हणालो.

"चावी माझी नाही आता."

मला कळलं आणि माझं टाळकं सरकलं. "वेडी आहेस का? पंपवाला तुझा भाऊ आहे हे कुणाला माहीत आहे? चूक झाली, दुरुस्त केलीस, विषय संपला!"

"मास्तरांच्या सुनेचं तरी कुणाला माहीत होतं? त्यांनी स्वतः सांगितलं मला. फोनवरच्या गप्पांत, हसत हसत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्यांचं तर चुकलंही नव्हतं रे."

"अगं, मग उरलं काय तुझ्याकडे?"

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि मलाही ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"मास्तर, मी बोलतेय."

पलीकडे शाळेची घंटा वाजली. मुलांचा गलका. मग दार लावल्याचा आवाज. "बोला."

"सातवा नियम मोडलाय. मी. पंपवाला माझा सख्खा भाऊ आहे, आणि त्याच्या चुकीनं माणसं मरू शकतात. चावी तुम्हाला देतेय. दुरुस्ती पाठवलीय, तपासा."

हा माणूस आता चार वर्षांचं उट्टं काढणार याची मला खात्री होती, आणि काढलं असतं तर चूक तरी कशी म्हणावी?

"बघतो," मास्तर म्हणाले. "नियमाप्रमाणे बघेन." फोन बंद.

ताईनं चावी त्यांच्या नावे केली, स्वतःचं नाव काढलं आणि कारण सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं, माझ्या नात्यासकट. दोन वाजले. अडीच झाले. तीनला उत्तर आलं: नामंजूर.

"बघ! उगवला सूड!" मी ओरडलो.

"पुढे वाच."

मास्तरांनी लिहिलं होतं: 'दोन फायलींची चाचणी आहे. एकाच फायलीत तोच इशारा दोनदा आला तर काय होईल, त्याची चाचणी कुठे आहे?'

ताईनं कपाळाला हात लावला. "बरोबर आहे त्यांचं. घाईत राहिली." ती उठली आणि मला खुर्चीवर बसवलं. "ही तू लिही. तुझीच राहिलीय."

मी लिहिली. पाच ओळींना पाऊण तास लागला. चारच्या सुमाराला मास्तरांचं उत्तर आलं. मंजूर. तपासणारा म्हणून त्यांचं नाव, आणि खाली ताईसाठी एक ओळ:

'वर्ष झालं की चावी मागा. मी मागितली नाही, रुसून बसलो. तुम्ही तसं करू नका.'

ताईनं ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाठ करून फ्रिज उघडला आणि दूध काढण्याच्या निमित्तानं बराच वेळ तिथेच उभी राहिली.