तपासणाऱ्याचा रकाना

आयर्लंडमधल्या डून लेरी गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात सुलेखा देवतळेचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. २०२१चा जून, सगळ्यांचं काम अजून घरूनच. सुलेखा नागपूरजवळच्या कळमेश्वरची, सिव्हिल इंजिनिअर. इथे मास्टर्सला आली आणि राहिली. तिची कंपनी एका वाळवंटातल्या शहरासाठी वेगवान रेल्वेचं स्टेशन आखत होती. त्या जागेवर अजून वाळूखेरीज काही नव्हतं. स्टेशनबाहेरच्या बसथांब्याचं ड्रॉइंग सुलेखाकडे तपासायला आलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात तिची आद्याक्षरं पडली की ते पुढे जाणार.

स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या बससाठी हा थांबा आधी उभा राहणार होता, आणि साधाच होता. एक उंच भिंत, भिंतीच्या पश्चिमेला तिला टेकून स्टीलची बाकं, वर काचेचं छत.

"इथलाच थांबा उचलून तिथे ठेवलाय," ती मला म्हणाली. आयर्लंडमध्ये संध्याकाळचं ऊन मिळावं म्हणून लोक अंगणाची दिशा बघून घर घेतात. बाक पश्चिमेला हे इथे कुणाला खटकणारच नाही.

व्हिडिओ कॉलवर तिने तिचा साहेब डेक्लन याला सांगितलं, "कामगारांची पाळी चारला सुटते. चारला ऊन थेट या बाकांवर असतं."

"ऊनच ना? आम्ही त्यासाठी रजा टाकून स्पेनला जातो." बाकीचे हसले.

"तिथे सावलीत सेहेचाळीस अंश असतात, डेक्लन. बाकं भिंतीच्या पलीकडे, पूर्वेला घ्या. दुपारभर सावली. दोन तासांचं काम आहे."

"सगळ्यांची ड्रॉइंग्ज या थांब्याशी जुळवून झालीत. आणि हा थांबा कामगारांचा. प्रवासी स्वतःच्या कारने येतील, त्यांच्या दाराशी एसी आहे. ग्रँड, ठीक आहे सगळं. शुक्रवारी सही कर."

तिने लॅपटॉप असा मिटला की माझा चहा सांडला. "एसी आहे म्हणे. दार ज्यांनी बांधायचं, त्यांनी तव्यावर बसायचं."

संध्याकाळी तिने तिच्या बाबांना, प्रकाशकाकांना, फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दुपारच्या पारी पश्चिमेच्या भिंतीले आपण म्हैसही बांधत नाही, पोरी. अन् हे माणसं बसवून राहिले?"

शुक्रवारी तिने सही केली नाही. त्याऐवजी रकान्याशेजारी बाकं का हलवायची ते तीन ओळींत लिहिलं.

सोमवारी फोल्डर उघडला, तर ड्रॉइंग ग्राहकाकडे गेलेलं. तिच्या तीन ओळी गायब. रकान्यात तिची आद्याक्षरं.

"तारीख गाठायची होती," डेक्लन म्हणाला. "तू पाहिलं होतंसच की."

"पाहिलं होतं. म्हणूनच सही केली नव्हती."

तिने ग्राहकाच्या ऑफिसला मेल लिहिला, कंपनीतल्या सगळ्यांना प्रत टाकून. हे ड्रॉइंग मी तपासून नाकारलं आहे. त्यावरची आद्याक्षरं मी घातलेली नाहीत. कारण सोबत जोडलं आहे.

तिचं वर्क परमिट याच कंपनीच्या नावावर होतं आणि चार महिन्यांत संपत होतं. "सुलेखा, परमिटचं काय?" मी विचारलं.

"तेही डेक्लनच्याच सहीने होणार आहे, माहितेय मला." तिने मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती त्या प्रकल्पावर नव्हती. तिला कॉर्कच्या एका हॉस्पिटलचं सायकल-स्टँड दिलं. पंधरा दिवसांनी एका सहकाऱ्याने थांब्याचं नवं ड्रॉइंग तिला गुपचूप दाखवलं. रकान्यात डेक्लनची स्वतःची आद्याक्षरं होती. बाकं पश्चिमेलाच.

"निदान ज्याचं पाप त्याच्या नावावर," ती म्हणाली. परमिटच्या मुदतवाढीचं पत्र अजून आलं नव्हतं.

मग तिने सायकल-स्टँडचं ड्रॉइंग उघडलं. तिथेही एक बाक होतं. तिने उत्तर दिशेचा बाण दोनदा पाहिली आणि बाक पश्चिमेला ठेवलं, उन्हात.

"इथे हेच बरोबर आहे," ती दात आवळून म्हणाली. "जागा कुठली, ऊन कसलं, एवढंच तर बघायला हवं होतं त्याने."