पडदा मोकळा, फाइल अर्धी

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट २०१४ साली, त्यांच्या डहाणूच्या दोन खोल्यांच्या कचेरीत झाली. आधीच्या नोकरीला कंटाळून मी आलो होतो आणि ते तोंडावर दिसत असावं. ताईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "दमलेला माणूस मला चालतो. तो घाईत काही बिघडवत नाही." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आहे तोही दमलेलाच. ताईंनी सांभाळून घ्यावं.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या काही आश्रमशाळांसाठी ताई आरोग्यनोंदींचं सॉफ्टवेअर लिहीत. त्यांनी लिहायचं आणि मी तक्रारी ऐकत फिरायचं, अशी आमची वाटणी होती. अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो असलो, की हमखास फोन यायचा, "सर, हँग झालंय." तक्रार नेहमी एकच. नोंद साठवताना फाइल लिहून होईपर्यंत कंप्युटरचा सगळा पडदा गोठायचा. माउस हलेना, की लोक वैतागून दिसेल ते बटण दाबायचे.

ताईंनी यावर उपाय केला. फाइल मागच्या मागे लिहिली जावी आणि पडदा मोकळा राहावा, अशी सोय केली. फोन थांबले. मला वाटलं, सुटलो. पण ते आगीतून फुफाट्यात पडणं होतं.

वेवजीकडच्या एका शाळेत कंप्युटर आणि मुलींच्या वसतिगृहातले दिवे एकाच इन्व्हर्टरवर होते. बॅटरी रात्रीला पुरावी म्हणून तिथल्या सिस्टर काम झालं, की थेट भिंतीवरचं बटण बंद करत. पूर्वी पडदा गोठलेला असल्यानं त्यांना थांबावं लागे. आता तो लगेच मोकळा दिसे, फाइल मात्र अर्धीच लिहिलेली असे. एका संध्याकाळी ती अर्धीच राहिली आणि मुलींच्या सिकलसेल या रक्तविकाराच्या तपासणीचे निकाल गेले. कागदावरचं दुहेरी काम आम्हीच बंद करायला लावलं होतं. आता रक्तासाठी बोटाला पुन्हा टोचणं आलं.

"पडदा हलला म्हंजे झालं ना?" सिस्टर मला म्हणाल्या. "आता पोरी विचारतात, आधीचं रक्त कुठं गेलं? काय सांगू त्यांना?"

लाइट गेली असं सांगा, असं कुणीतरी सुचवलं. आमच्याकडे ते कुणालाही पटतं. ताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जीपमध्ये बसल्या. शाळेच्या ओट्यावर मुलींसमोर बसून त्या म्हणाल्या, "तुमचं रक्त नीट तपासलं होतं. लिहिताना ते माझ्या हातून सांडलं. सिस्टरची काही चूक नाही." मग पहिलं बोट त्यांनी स्वतःचं पुढे केलं. एक मुलगी हात पाठीमागेच धरून उभी होती. तिनं तो आपणहून पुढे करेपर्यंत ताई तिच्याशेजारी बसून राहिल्या. मला ताईंचा फार अभिमान वाटला, आणि सपाटून भूकही लागली होती.

परतल्यावर ताईंनी बदल केला. जुनी फाइल तशीच ठेवायची, नवी शेजारी लिहायची, आणि ती पुरी झाली तरच जुनीच्या जागी बसवायची. तोवर पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ: 'लिहून होतंय. बंद करू नका.' 'कृपया प्रतीक्षा करा' घालू, सरकारी दिसेल, असं मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "कशाची प्रतीक्षा, ते कुठं सांगितलंय त्यात?"

आता २०१९ उजाडलं आहे. नोंदी सगळ्या ऑनलाइन जाणार, तुमचं काम आवरतं घ्या, असं आम्हाला सांगून झालं आहे. ताईंचे डोळे दुखतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. तरी परवा कचेरीत गेलो, तर त्या एकेक जुनी फाइल तपासून नव्या ठिकाणी उतरवत बसल्या होत्या, कुठल्याच मुलीला पुन्हा टोचावं लागू नये म्हणून.

"पुरे आता, ताई," मी म्हटलं.

"एवढं होऊ दे," त्या म्हणाल्या.

ताईंना उदंड आयुष्य मिळो, डोळ्यांना आराम पडो आणि आमच्यासारख्या दमलेल्यांना त्यांचा चहा मिळत राहो. वर आभाळात, भिंतीवरच्या बटणाशी जो कुणी उभा असेल, त्यानं मात्र एवढं वाचावं: लिहून होतंय. बंद करू नका.